उजवा खुबा

अर्पिताचं माहेर जासईचं. तिच्या लहानपणी तिथे शेतं होती, मग कंटेनर यार्ड आले आणि घरातले पुरुष यार्डात नोकरीला लागले. मासे तिने आवडीने खाल्ले होते, विकले कधीच नव्हते. लग्न होऊन दिवाळे गावात आली तेव्हा सासूने, म्हणजे कमळीने, तिला थोड्याच दिवसांत बेलापूरच्या मासळी बाजारात नेलं आणि ओट्यावर आपल्या शेजारी बसवलं. पाट ठेवायचा, डावा पाय आडवा मुडपायचा, उजवा गुडघा छातीशी घ्यायचा आणि त्याच पावलाने विळीची फळी दाबून धरायची.

"पाठ वाकवू नको," कमळी सांगायची. "खाली बस. आनखी खाली. मंग हात चालतो."

अर्पिताचा हात चालायला वर्ष गेलं. बोंबील साफ करताना सुरुवातीला तिला किळस यायची, नंतर गप्पा मारता मारता टोपली रिकामी व्हायला लागली. सीवूड्सच्या सोसायट्यांमधल्या बायका येऊन म्हणायच्या, "तू काप गं, तुझे तुकडे सारखे असतात." कमळीला ते ऐकू जायचं आणि ती न ऐकल्यासारखं करायची. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा कमळीने घरी बसायचं ठरवलं आणि ओट्यावरची आपली जागा सुनेला दिली. ती जागा कमळीला तिच्या सासूकडून मिळाली होती. स्वतःच्या मुलीला न देता ती तिने अर्पिताला दिली, हे गावात बरेच दिवस बोललं गेलं. सासरच्या घरात आपलं म्हणावं असं अर्पिताला मिळालेलं ते पहिलं काही होतं.

दुखणं सुरू झालं तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. कुठे पडली नाही, घसरली नाही. एका दुपारी सामान आवरून उठताना उजव्या जांघेत आत खोल कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. ती तशीच अर्धवट वाकलेली थांबली. मग चालायला लागली तर चार पावलांत कळ गेली. पुढच्या आठवड्यात रिक्षात चढताना आली. मग घरी मुलीची पडलेली पेन्सिल उचलताना. मग रोजच, उठताना.

"काय झालं?" नवऱ्याने, भावेशने विचारलं.

"कंबर धरलीय," ती म्हणाली.

कंबर दुखते असं चारचौघांत सांगता येतं. जांघेत दुखतं असं ती नवऱ्यालाही उघड सांगू शकली नाही. सासूपुढे तर प्रश्नच नव्हता. म्हणून गावातल्या डॉक्टरांनाही तिने कंबरच सांगितली. त्यांनी इंजेक्शन दिलं, पट्टा दिला आणि पाठीचा एक्स-रे काढायला लावला. "दोन मणक्यांमध्ये थोडी गॅप कमी झालीय," ते म्हणाले. पट्टा बांधून ती ओट्यावर बसली. पट्ट्याने पोट आवळलं जायचं, गुडघा वर घेतला की आणखी कळ यायची. महिन्याभराने तिने धीर करून त्यांना सांगितलं की दुखतं ते पुढून.

"पुढून म्हणजे पोटात?"

"खाली."

डॉक्टरांनी मान हलवली आणि बायकांच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. तिथे सोनोग्राफी झाली. अंडाशयावर एक बारीक गाठ निघाली, पुष्कळ बायकांना असते तशी. त्यावर गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी पाळी मागेपुढे झाली, दुखणं होतं तिथेच राहिलं. मध्येच शेजारणीच्या सांगण्यावरून कमळी तिला हाड बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे घेऊन गेली. त्याने तिला पाठीवर झोपवलं, पाय गुडघ्यात दुमडून पोटाशी दाबला आणि आतल्या बाजूला पिळला.  अर्पिताच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. त्यानंतर बरेच दिवस ती लंगडत होती.

कमळीला ते बघवत नव्हतं, पण पटतही नव्हतं. ती स्वतः सासष्ट वर्षांची, अजून अंगणात उकिडवी बसून तासन्‌तास सुकट निवडायची आणि हाताचा आधार न घेता उठायची.

"आमी सगली अशीच बसलो," ती एकदा म्हणाली. "माजी सासू मरेपरेंत बसली. कोनाच्या पायाला काय झालं नाय. तुजाच पाय कसा दुखतो?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.  अर्पिताला वाटायला लागलं की आपल्यातच काहीतरी कमी आहे, आपण या कामाच्या घरातल्या नाही म्हणून आपलं शरीर हे काम नाकारतंय. ती बाजारात जात राहिली. बसायला त्रास होत नसे, बसून राहायला व्हायचा. गिऱ्हाईक नसलं की ती हळूच पाय लांब करायची आणि समोरच्या टोपल्या सरकवाव्या लागल्या की शेजारच्या बायका तोंडं वाकडी करायच्या. रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना. मुली अंगावर येऊन बसल्या की ती त्यांना बाजूला करायची आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघून तिला वाईट वाटायचं.

असं दीड-दोन वर्षं चाललं.

भावेश जासईच्या एका यार्डात गेटवर गाड्यांच्या नोंदी करायचा. तिथल्या एका ड्रायव्हरने त्याला नेरूळच्या एका हॉस्पिटलातल्या हाडांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. बाई आहेत, हे त्याने घरी येऊन मुद्दाम सांगितलं. तेव्हा अर्पिताच्या लक्षात आलं की त्याला सगळं कळत होतं, फक्त बोलायचं कसं हे त्यालाही माहीत नव्हतं.

डॉक्टर वैशाली पन्नाशीच्या होत्या, भराभर बोलायच्या. जुने कागद त्यांनी बाजूला ठेवले.

"कुठे दुखतं ते सांगू नका, हाताने दाखवा."

अर्पिताने भावेशकडे पाहिलं. तो स्वतःहून उठून बाहेर गेला. मग तिने उजवा हात खुब्यावर असा धरला की बोटं पुढे जांघेवर आली आणि अंगठा मागे गेला, जसं आपण मूठ अर्धी उघडून काहीतरी पकडतो.

"अच्छा," डॉक्टर म्हणाल्या. "नेमकं एका जागी नाही, आत दुखतं. हो ना?"

"हो. बोट ठेवून दाखवता येत नाय."

"झोपा."

त्यांनी तिचा गुडघा दुमडून हळूहळू छातीकडे नेला आणि पाय आतल्या बाजूला वळवला. त्या म्हाताऱ्याने केलं होतं तसंच, पण बोटाच्या जोराने. कळ आली. तीच, तशीच.

"हीच का?"

 इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच त्या दुखण्यावर नेमका हात ठेवला होता. अर्पिता रडायला लागली. डॉक्टरांनी पाय सरळ केला आणि तिला वेळ दिला.

एक्स-रे पुन्हा काढले, या वेळी पाठीचे नाही, खुब्याचे. नंतर एमआरआय झाला. पुढच्या वेळी डॉक्टरांनी भावेशलाही आत बोलावलं आणि टेबलावरचं प्लास्टिकचं हाड हातात घेऊन समजावलं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. अर्पिताचा गोळा पुरता गोल नव्हता. जिथे तो संपून हाड निमुळतं होतं तिथे एक उंचवटा होता. पाय खूप दुमडला की तो उंचवटा वाटीच्या काठावर आपटायचा. काठाला रबरासारखी मऊ किनार असते, ती दरवेळी मध्ये चिमटायची. आता ती एका जागी फाटली होती.

"दार चौकटीला घासतं ना, तसं," डॉक्टर म्हणाल्या. "थोडं उघडलं तर काही नाही. पूर्ण उघडायला गेलात की घासतं."

"पण असं झालं कशानं?" भावेशने विचारलं.

"हाड वाढत्या वयात तसं घडतं. कित्येक लोकांना असतं, त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. यांना दिवसभर गुडघा छातीशी घेऊन बसावं लागतं, म्हणून त्रास झाला."

"म्हंजे माझी काय चूक नाय," अर्पिता म्हणाली.

"अजिबात नाही."

घरी आल्यावर तिने हे कमळीला सांगितलं. कमळीने ऐकून घेतलं. "हाड जास्ती हाय तर कापून टाकायचं," ती म्हणाली. "मोतीबिंदू काढला तसा."

पण डॉक्टर लगेच ऑपरेशन करा म्हणाल्या नव्हत्या. आधी व्यायाम, सवयी बदलणं, दुखलं तर गोळी. तीन-चार महिने नीट करा, मग बघू. तिला फिजिओथेरपीला पाठवलं, तिथे ऋता नावाची तरुण मुलगी होती. तिने पाठीवर झोपून कंबर उचलायला शिकवलं, कुशीवर झोपून गुडघा उघडायला शिकवलं, पायाला रबरी पट्टा बांधून आडवं चालायला शिकवलं. खुब्याच्या मागचे स्नायू घट्ट झाले की सांध्यावरचा ताण कमी होतो, ती म्हणाली. आणि मग काय करायचं नाही ते सांगितलं. उकिडवं बसायचं नाही. मांडी घालायची नाही. खोलगट सोफ्यात बसायचं नाही. गुडघा कधीही खुब्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. रिक्षात आधी सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे.

"तुमचं काम काय, ताई?"

अर्पिताने सांगितलं.

"खुर्चीवर बसून नाही का करता येणार?"

भावेशने प्रयत्न केला. ओळखीच्या सुताराकडून त्याने उंच स्टूल आणि तेवढंच उंच लाकडी टेबल करून घेतलं. एका सकाळी लवकर जाऊन ते त्याने ओट्यावर मांडलं. अर्पिता स्टुलावर बसली, टेबलावर बर्फ पसरला, त्यावर पापलेट लावले. छान दिसत होतं. पण ओटा मुळातच कमरेएवढा उंच, त्यावर टेबल. गिऱ्हाइकांना माना वर करून मासे बघावे लागत होते. आणि पलीकडे बसणाऱ्या दोन म्हाताऱ्या कोळणी त्या टेबलामागे पार दिसेनाशा झाल्या.

"आमच्या पुढं भिंत उभी केलीस बाय," त्यातली एक म्हणाली. ती गिरजाबाई, कमळीची जुनी मैत्रीण. भांडली नाही, नुसतं सांगितलं. "मी काय बोलनार नाय. पन माजं गिऱ्हाईक मना कसं बगल?"

दुपारपर्यंत अर्पितानेच टेबल काढायला लावलं. मग तिने ओट्याच्या बाहेर उभं राहून बघितलं, पण तिथून रस्ता जात होता, येणाऱ्याजाणाऱ्यांचे धक्के बसत होते आणि विळी उभ्याने वापरता येत नाही. सुरीने तिचा हात चालत नव्हता. तुकडे वेडेवाकडे यायला लागले. नेहमीच्या एका बाईने ते तसेच पिशवीत घेतले, पण पुढच्या रविवारी ती शेजारच्या कोळणीकडे गेली.

बाजारात रिकामी जागा रिकामी राहत नाही. दोनदा तिथे दुसऱ्याच कुणाच्या टोपल्या आढळल्या. तेव्हा एका सकाळी कमळीने काष्टा घातला, पाट काखेत मारला आणि कुणाला न विचारता निघाली.

"आई, तुमी नका जाऊ," अर्पिता म्हणाली. "डोळ्यांना पाणी लागंल."

"मंग कोन जाईल?"



अर्पिता मागून गेली, बर्फ आणि टोपल्या उचलून द्यायला. कमळी ओट्यावर चढली आणि बसली. गुडघा छातीशी, पाऊल फळीवर, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. फक्त डोळे ती बारीक करायची आणि सुट्टे देताना नोट नाकाशी नेऊन बघायची. अर्पिता खाली उभी होती. एवढं वय झालेली बाई आपल्या जागेवर बसलीय आणि आपण धडधाकट दिसतो, हे सगळ्यांना दिसतंय, असं तिला वाटत राहिलं. तिला पट्टा नव्हता, प्लास्टर नव्हतं, हातात काठी नव्हती. खुब्यातलं हाड कुणाला दाखवणार?

व्यायाम मात्र तिने सोडले नाहीत. सकाळी चहाच्या आधी आणि दुपारी मुली शाळेतून यायच्या आत ती चटईवर पडून कंबर उचलायची. हळूहळू फरक पडला. उजव्या कुशीवर झोप लागायला लागली. जिना चढताना त्रास थांबला. नेरूळच्या पामबीच रोडच्या कडेने भावेशबरोबर ती लांबवर चालून आली आणि काही झालं नाही. ऋता खूश झाली. अर्पितालाही आशा वाटली, आणि त्या आशेपायी तिने ऋताला न सांगता एक दिवस कमळीला घरी थांबवलं आणि स्वतः ओट्यावर बसली.

पहिला अर्धा तास इतका चांगला गेला की तिला हसू येत होतं. ओळखीच्या बायका थांबून विचारत होत्या, "आलीस का?" तिने दोन सुरमया कापल्या. मग आतून ती जुनी जाणीव सुरू झाली, आधी नुसती जड, मग टोचल्यासारखी. तिने पाय लांब केला, परत घेतला, बोंबलांची टोपली संपवायचीच म्हणून दात आवळून बसली. उठायची वेळ आली तेव्हा तिला उठता येईना. गिरजाबाई आणि आणखी एकीने काखेत हात घालून तिला ओट्यावरून उतरवलं. ते सगळं गिऱ्हाइकांसमोर झालं. त्यानंतर पंधरवडाभर तिला मोरीतही आधार लागत होता.

डॉक्टर वैशाली रागावल्या नाहीत. त्यांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करणाऱ्या एका सर्जनकडे पाठवलं. त्याने एमआरआय लावून बराच वेळ पाहिला. उंचवटा घासून काढता येतो, फाटलेली किनार शिवता येते, तो म्हणाला. पण वाटीच्या आतलं गुळगुळीत अस्तर काही ठिकाणी झिजलंय. लवकर आला असतात तर वेगळं होतं. आता ऑपरेशनने दुखणं कमी होण्याची शक्यता आहे, खात्री नाही. नंतर सहा महिने तरी जपावं लागेल.

"आणि मग बसता येईल?" अर्पिताने विचारलं.

"खुर्चीवर आरामात."

"खाली. विळीवर."

सर्जनने भावेशकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "ते काम मी तुम्हाला करू देणार नाही. ऑपरेशन करा किंवा नका करू. तसं बसलात तर सांधा लवकर खराब होईल, मग तो बदलावाच लागेल."

"मग ऑपरेशन कशाला करायचं?" तिने विचारलं.

"तुम्हाला आता चालताना, झोपताना त्रास आहे का?"

"नाय. खाली नाय बसले तर काय नाय."

"मग सध्या नको करू या," तो म्हणाला. त्याने ते चांगली बातमी असल्यासारखं सांगितलं, आणि एका अर्थी ती होतीच.

 परतताना रिक्षात भावेशने एकदा तिचा हात धरला आणि उरणफाट्याजवळच्या सिग्नलला सोडला. लवकर आला असतात तर, हे शब्द दोघांच्याही डोक्यात होते. ती गेली होती ना, लवकर. गोळ्या, पट्टा, सोनोग्राफी, सगळीकडे गेली होती.

त्या उन्हाळ्यात कमळीच्या पुतण्याच्या हळदीला सगळं घर गेलं. मांडवात बायका चटयांवर बसून गाणी म्हणत होत्या. अर्पितासाठी कुणीतरी खुर्ची आणली आणि ती म्हाताऱ्यांच्या रांगेत ठेवली, जिथे गुडघेदुखीच्या आज्या बसल्या होत्या. तिथून तिला बायकांचे भांग दिसत होते. मध्ये एक गाणं तिला येत होतं, पण वरून म्हटलेलं खाली पोचत नव्हतं. ती थोडं गाऊन थांबली.

तिथेच कमळीने ठरवलं असावं. दोन दिवसांनी तिने अर्पिताला स्वयंपाकघरात गाठलं.

"रुतिकाला बसवू का जागेवर?"

रुतिका म्हणजे कमळीच्या दिराची सून, तेविशीची, नुकतं लग्न झालेली. माजे डोले आता चालत नाय, कमळी म्हणाली. काल एकाची छोटी नोट मोठी समजून जास्तीचे सुट्टे दिले. जागा गेली तर घरातून जाईल. घरातच राहू दे.

"तुला विचारते," कमळी म्हणाली. "नको म्हनलीस तर नाय बसवनार."

अर्पिता पातेलं घासत होती. ती घासत राहिली. नाही म्हणून काय करणार होती? कमळी उत्तराची वाट बघत उंबऱ्यापाशी उभी राहिली, आणि अर्पिताने बघितलं की तिचे डोळे सकाळपासूनच लाल होते.

"बसवा," ती म्हणाली.

कमळीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघी थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. सासू-सुनेत असं आधी कधी झालं नव्हतं, त्यामुळे हात कधी काढायचा ते कमळीला कळेना.

शिकवायचं काम अर्पिताकडेच आलं. ती ओट्याखाली उभी राहून रुतिकाला सांगायची. कोळंबीचा दोरा कसा ओढायचा, हलव्याचं पोट कुठे चिरायचं, शिळ्या बांगड्याचा डोळा कसा दिसतो. रुतिका चटकन शिकत होती. ती गुडघा दुमडून इतकी सहज बसायची की अर्पिताची नजर पुन्हा पुन्हा तिच्या पायाकडे जायची. आतलं हाड कसं आहे ते बाहेरून कुणालाच दिसणार नव्हतं, तिचं तिलाही.

"पाय आखडतो का?" अर्पिताने एकदा विचारलं.

"थोडासा. सवय नाय ना अजून."

"आखडला की उठायचं. गिऱ्हाईक थांबंल. आनि कुठं दुखलं तर जिथं दुखतं तिथलंच नाव सांगायचं, डॉक्टरला, मला, कोनालापन. लाजायचं नाय."

"हो ताई," रुतिका म्हणाली.

तेवढ्यात एक बाई आली, अर्पिताची जुनी गिऱ्हाईक. ती अर्पिताकडे बघून ओळखीचं हसली, तिने तब्येत विचारली आणि मग ती वर ओट्याकडे मान करून रुतिकाला म्हणाली, "पापलेट कशी दिली?" रुतिकाने भाव सांगितला, थोडा जास्तच. अर्पिता काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. बाई घासाघीस करत होती, रुतिका उत्तरं देत होती. अर्पिताने रिकामी टोपली उचलली आणि बर्फ आणायला गेली.